विश्लेषण : हातात कॅमेरा असूनही कॉलेजचा म्युझिक व्हिडिओ फसतो कुठे? ब्रह्मपुरीत शूटिंगआधी काय तपासावे?

गाणे ठरले, मित्राचा नवा फोन मिळाला, दोन दिवस शूटिंग झाले, रात्र जागून एडिटिंगही झाले. गॅदरिंगच्या पडद्यावर व्हिडिओला टाळ्या पडल्या. मग तो यूट्यूबवर चढवला आणि काही मिनिटांत सूचना आली : या व्हिडिओतील आवाजावर दुसऱ्याचा हक्क आहे. अशा वेळी कधी जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे वळतात, कधी व्हिडिओच दिसेनासा होतो, तर कधी आवाज तेवढा बंद होतो. म्युझिक व्हिडिओतून म्युझिक गेल्यावर उरते काय?

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि सहअभ्यासक्रम उपक्रमांना क्रेडिट आले आहे. त्यामुळे असा व्हिडिओ आता निव्वळ हौस म्हणून सोडून देण्यासारखा राहिलेला नाही. ब्रह्मपुरी हे आजूबाजूच्या तालुक्यांतील मुलामुलींचे शिकायला येण्याचे गाव. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झाल्यापासून इथली महाविद्यालये त्याच्या कक्षेत आहेत. गाणारे गळे इथे आहेत, फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. अडते ते कॅमेरा सुरू होण्याच्या आधी. गाणे कोणाचे, गोष्ट कोणाची, जागा कोणती आणि महिना कोणता, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर नसतात. ती नसली की काय होते आणि ती कशी शोधायची, ते पाहू.

रील आणि म्युझिक व्हिडिओ यात फरक काय?

रीलमध्ये गाण्याचा तुकडा पुरतो. म्युझिक व्हिडिओला पूर्ण गाणे सांभाळावे लागते, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटे बघणाऱ्याचा अंगठा थांबवून धरायचा असतो. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाले आणि या प्रकाराला स्वतःची वाहिनी मिळाली. आपल्याकडे १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने सिनेमाबाहेरचे गाणेही पाहिले जाते हे दाखवून दिले. मराठीत अलीकडचे ठळक उदाहरण जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’चे. २०२४ मध्ये आलेल्या या गाण्याच्या मागे कोणताही चित्रपट नव्हता.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात मात्र तयार व्हिडिओइतकेच महत्त्व त्यामागच्या फाइलला असते. परदेशातील माध्यम अभ्यासक्रमांत संशोधन आणि नियोजनाला स्वतंत्र गुण असतात. त्या अभ्यासात एक नाव हमखास येते, अँड्र्यू गुडविन. १९९२ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात शब्द आणि दृश्य यांच्या नात्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. शब्दांत आहे तेच दाखवणे, हा पहिला. शब्दांना नवा अर्थ जोडणारे काही दाखवणे, हा दुसरा. आणि शब्दांशी फटकून असलेले दाखवणे, हा तिसरा.

हे ऐकायला पुस्तकी वाटते, पण ब्रह्मपुरीच्या शेतात नेऊन पाहा. समजा गाणे रोवणीचे आहे. पहिल्या प्रकारात चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बाया दिसतील. दुसऱ्या प्रकारात त्याच बाईचे वर्ष दिसेल : जुलैत चिखलातले हात, नोव्हेंबरात कापणीचा विळा, आणि एका रात्री शाल गुंडाळून नाटकाच्या मंडपात बसलेली ती. तिसऱ्या प्रकारात गाणे रोवणीचेच वाजेल, पण पडद्यावर पहाटेची गाडी असेल, गाठोडी असतील, मिरची तोडायला तेलंगणात निघालेली माणसे असतील. धानाचा हंगाम संपल्यावर चंद्रपूर-गडचिरोलीतील मजूर दरवर्षी तिकडे जातात. २०२० च्या टाळेबंदीत यांतलेच कित्येक पायी परतत होते. गाणे एकच, व्हिडिओ तीन. यांतला कोणता करायचा हे शूटिंगच्या दिवशी शेताच्या बांधावर ठरत नाही.

विषय शोधायला नागपूर-मुंबई गाठावी लागते का?

उलट आहे. वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजे देसाईगंज. झाडीपट्टी रंगभूमीचे हे केंद्र. नाटक मंडळ्यांची कार्यालये इथे, बुकिंग इथे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडया भरू लागतात, हाती धानाचे पैसे आलेले असतात आणि गावोगावी रात्रभर नाटके चालतात. हा हंगाम उन्हाळा लागेपर्यंत चालतो. चित्रपटगृहे बंद पडत गेली, मोबाइल आले, तरी गावातला माणूस तिकीट काढून नाटकाला बसतो. या रंगभूमीवरील कामासाठी गडचिरोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने ‘झाडीपट्टी’ हा शब्द पुन्हा एकदा गुगलवर शोधला असणार.

म्युझिक व्हिडिओ करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे आयते विद्यापीठ आहे. गायक आणि वादक प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष असतात. गाणे कुठे आले की लोक उठून चहाला जातात आणि कुठे आले की चहाला गेलेले धावत परत येतात, हे मंडपाच्या कडेला उभे राहून दिसते. लाइक-शेअरच्या आकड्यांतून हे कळायला आठवडा लागतो. एक नाटक पूर्ण पाहा, हातात वही ठेवा. कोणते गाणे किती वाजता आले, त्या वेळी पुढच्या रांगेत कोण होते, मागे कोण होते, एवढे लिहिले तरी संशोधनाची पाच पाने तयार होतात.

नाटकाच्याही मागे दंडार आहे, खडी गंमत आहे. रोवणीची, लग्नाची गाणी आहेत. ती म्हणणाऱ्या आजीबाई अजून गावागावांत आहेत. भाषेचे म्हणाल तर डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीवर वर्षानुवर्षे काम केले आहे, झाडीबोली साहित्य मंडळाच्या माध्यमातून या बोलीत लिहिणारे लोक पुढे आले आहेत. कॉलेजच्या मराठी विभागात चौकशी केली तर यांतले कोणी ना कोणी ओळखीचे निघतेच. तरीही प्रकल्पाच्या प्रस्तावात ‘लोकेशन : डोंगर, धबधबा’ असे का लिहिले जाते, हे कोडे आहे. धानाच्या सपाट बांध्यांत डोंगर कुठून आणणार?

छोट्या गावातली गोष्ट लहान ठरते, हीही एक समजूत. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकताना केलेला प्रकल्पच होता. शाळेबाहेर राहिलेल्या एका भटक्या समाजातील मुलाची ती गोष्ट राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांपर्यंत पोहोचली. तो म्युझिक व्हिडिओ नव्हता, पण विषय शोधायला ते दिग्दर्शक लांब गेले नव्हते, एवढे आपल्या कामाचे.

गाणे कोणाचे, हे कसे ओळखायचे?

इथेच सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. एका गाण्यात एक हक्क नसतो, थर असतात. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. त्यावर गायक-वादकांचा कलावंत म्हणून असलेला हक्क आणखी वेगळा.

मुदतीही वेगवेगळ्या आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे, तर कलावंताचा हक्क ५० वर्षे.

आता ओळखीची नावे घेऊन हिशेब मांडू. ब्रह्मपुरीपासून चिमूर जवळ, आणि चिमूर म्हटले की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. त्यांची भजने आपल्याकडे इतकी घराघरांत आहेत की ती ‘सगळ्यांचीच’ वाटतात. महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. ६० वर्षांचा नियम लावला तर त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरील हक्काची मुदत ३१ डिसेंबर २०२८ रोजी संपते. तोवर वापरायचे तर परवानगीचे पत्र हवे. वामनदादा कर्डक यांची आंबेडकरी गीते या पट्ट्यात प्रत्येक जयंतीला वाजतात. ते २००४ मध्ये गेले, म्हणजे हिशेब थेट २०६४ च्या अखेरीस जातो. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या कविता केव्हाच मुक्त झाल्या. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांचा संग्रह मृत्यूनंतर १९५२ मध्ये आला. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्या पहिल्या आवृत्तीतील कविता २०१३ पासून मुक्त आहेत.

मुक्त झाली ती कविता, हे मात्र नीट लक्षात घ्या. बालकवींच्या कवितेला नंतर एखाद्या संगीतकाराने चाल लावली असेल, तर त्या चालीचा हक्क त्या संगीतकाराच्या आयुष्याशी बांधलेला आहे. रेकॉर्डिंग कंपनीचे असेल तर तो तिसरा थर. थोडक्यात, कविता घ्या, चाल स्वतः लावा, स्वतः गा. तिन्ही कुलपे एकदम उघडतात.

‘लोकगीत आहे, त्याला कसला कॉपीराइट?’ हा नेहमीचा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. पारंपरिक गाण्याचा एक असा लेखक नसतो, ते कुणीही गाऊ शकते. पण यूट्यूबवरून उतरवलेले त्याचे रेकॉर्डिंग ज्याने केले त्याचे असते. त्यातील ढोलकीची नवी मांडणी, मध्ये घातलेली नवी ओळ हीही कुणाची तरी असते. आजीबाईंकडून गाणे शिकून स्वतः म्हटले तर प्रश्न येत नाही. आजीबाईंचाच आवाज व्हिडिओत घेतला, तर त्यांची संमती हवी आणि नावही हवे. २०१२ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंताला आपली ओळख नमूद करून घेण्याचा हक्क दिला आहे. तो मुंबईच्या पार्श्वगायकाला आहे तसाच रोवणीचे गाणे म्हणणाऱ्या बाईलाही आहे.

मग कव्हर करता येत नाही का?

कायद्याच्या कलम ३१ सीनुसार, मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटली की नोटीस आणि रॉयल्टी देऊन कव्हर करता येते. पण रॉयल्टी वर्षाला किमान ५० हजार प्रतींची आगाऊ भरावी लागते आणि ही सवलत केवळ ध्वनिमुद्रणासाठी आहे. व्हिडिओसोबत ते गाणे जोडायचे तर वेगळी परवानगी लागते. म्हणजे आपल्या कामाचे नाही.

कॉलेजात चालते, मग यूट्यूबवर का नाही? याचे उत्तर कलम ५२ मध्ये आहे. शिक्षण संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेले सादरीकरण, प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांपुरते मर्यादित असेल, तर ते उल्लंघन ठरत नाही. गॅदरिंगचे सभागृह त्यात बसते. साऱ्या जगाला उघडे असलेले चॅनल बसत नाही. आणि व्हिडिओखाली ‘कॉपीराइट उल्लंघनाचा हेतू नाही’ असे लिहिल्याने काहीही होत नाही. ती ओळ म्हणजे सिग्नल तोडताना हात जोडण्यासारखी आहे.

यूट्यूबवरील दोन गोष्टींत गल्लत करू नका. कंटेंट आयडीचा दावा ही यंत्रणेने आपोआप लावलेली खूण असते. त्याने व्हिडिओवर परिणाम होतो, चॅनल सहसा शाबूत राहते. स्ट्राइक हा हक्कधारकाच्या तक्रारीवरून येतो आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनलच बंद होऊ शकते. कॉलेजचे एकच सामायिक चॅनल असेल तर एका गटाच्या निष्काळजीपणाने सगळ्यांचे जुने काम जाण्याची ही वाट आहे.

मित्रानेच गाणे केले तर कागद कशाला?

भांडण नेमके तिथेच होते. एक लिहितो, दुसरा चाल लावतो, तिसरी गाते, चौथ्याचा फोन. व्हिडिओ पन्नास जणांनी पाहिला तोवर सगळे मित्र असतात. तो पाच लाखांनी पाहिला आणि एखाद्या कंपनीचा फोन आला, की ‘हा कोणाचा?’ हा प्रश्न येतो. कायद्याच्या भाषेत निर्माता म्हणजे व्हिडिओ करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. तो गट आहे, गटप्रमुख आहे की कॉलेज, हे आधी लिहून ठेवलेले बरे.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि क्षेत्र लिहिले नसेल तर केवळ भारत. त्यामुळे एक पान पुरते : गाण्याचे नाव, कोणी काय केले, कशासाठी वापरायचे, किती काळ, पैसे आले तर वाटणी कशी, सह्या, तारीख. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्टवर कोणाचे नाव आधी यावे यावरून झालेले अबोले मी पाहिले आहेत. तिथे तर पाच लाख व्ह्यूजही नव्हते.

शूटिंगला किती वेळ लागतो, हे आधी कळते का?

कळते, साध्या गणिताने. गाण्याचा वेग मिनिटाला १०० ठोके धरा. एक ठोका ०.६ सेकंदाचा, चार ठोक्यांचे आवर्तन २.४ सेकंदांचे. दर दोन आवर्तनांनी दृश्य बदलायचे ठरवले तर एक शॉट ४.८ सेकंदांचा. साडेतीन मिनिटांच्या म्हणजे २१० सेकंदांच्या गाण्याला साधारण ४४ शॉट लागतील. नव्या टीमला एक शॉट लावून घ्यायला पंधरा मिनिटे सहज जातात. म्हणजे जेवण आणि प्रवास सोडून ११ तास.

आता या ११ तासांसमोर उजेडाचे तास ठेवा. चांगला उजेड सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास. म्हणजे ‘एका दिवसात उरकू’ हे तीन दिवसांचे काम आहे. दिवस एकच हातात असेल तर शॉट १५ वर आणा, किंवा सगळेच एका सलग शॉटमध्ये बसवा. ओके गो या अमेरिकन बँडने २००६ मध्ये ‘हिअर इट गोज अगेन’ हे गाणे आठ ट्रेडमिलवर नाचत, स्थिर कॅमेऱ्याने, एका सलग शॉटमध्ये केले. १७ वेळा प्रयत्न झाले, पुढे ग्रॅमी मिळाले. तिथे पैसा कॅमेऱ्यावर नाही, तालमीवर खर्च झाला होता. आपल्या नाटकवाल्यांना हे वेगळे सांगायला नको.

फोनमध्ये काय बदलायचे?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. बहुतेक फोन मूळ सेटिंगवर सेकंदाला ३० फ्रेम घेतात, त्यामुळे मंडपात किंवा ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, बहुतेक ठिकाणी पट्टे जातात. फोनच्या कॅमेऱ्यात हे नियंत्रण नसेल तर ते देणारी मोफत ॲप आहेत. फ्रेमचा वेग आपोआप बदलत राहील अशी सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर शेवटच्या कडव्यापर्यंत ओठ आणि आवाज यांची फारकत होते.

गायकाला स्लो मोशनमध्ये दाखवायचे आणि ओठही जुळायला हवेत, ही सगळ्यांची आवडती मागणी. त्याची युक्ती जुनी आहे. ५० फ्रेमवर शूट करा, सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवा, गायकाने तसेच भरभर म्हणावे. एडिटिंगमध्ये २५ वर आणले की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि केस, पाणी, धूळ मात्र संथ दिसते. कोल्डप्लेच्या ‘द सायंटिस्ट’मध्ये (२००२) याच्याही पुढची गंमत आहे. व्हिडिओ उलटा चालतो आणि ओठ सुलटे जुळतात, कारण ख्रिस मार्टिनने गाणे उलटे पाठ केले होते.

आणखी एक. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्पीकर कॅमेऱ्याजवळ आणि गायक बांधावर ३४ मीटर दूर असेल, तर त्याला गाणे एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येते, म्हणजे अडीच फ्रेमचा फरक. लांबच्या शॉटमध्ये स्पीकर गायकाच्या पायाशी लपवा.

जंगलात शूटिंग : परवानगीचा प्रश्न की जिवाचा?

दोन्ही. पण आधी जिवाचा. ब्रह्मपुरी वनविभाग हा ताडोबाच्या संरक्षित क्षेत्राबाहेरचा, तरीही वाघांचा भाग आहे. शेत, झुडपी जंगल आणि गाव यांत इथे भिंत नाही. १० मे २०२५ रोजी शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मृत्यू झाला. या बायका जंगल ओळखणाऱ्या होत्या. इअरफोन लावून, कॅमेऱ्यात डोळा घालून, पहाटेच्या कोवळ्या उजेडासाठी जंगलाच्या कडेला बसलेला विद्यार्थी त्यांच्यापेक्षा जास्त बेसावध असतो. कॅमेऱ्याला आवडणारी वेळ आणि वाघाच्या फिरण्याची वेळ एकच आहे. त्यामुळे पहाटेचे आणि तिन्हीसांजेचे शॉट गावालगतच्या मोकळ्या शेतात घ्या, झुडपांत वाकून बसण्याचे शॉट यादीतून काढा, आणि जागा ठरवण्याआधी वनरक्षकाला फोन करून विचारा. कोणत्या भागात सध्या वाघीण बछड्यांसह आहे, हे त्याला माहीत असते, गुगल मॅपला नसते.

परवानगीचे नियम जागेप्रमाणे बदलतात. राखीव वनात विनापरवाना शिरणे भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे, म्हणून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. नागभीडकडचा घोडाझरी तलाव अनेकांच्या यादीत असतो, पण २०१८ मध्ये तिथे अभयारण्य झाले आहे. अभयारण्यात छायाचित्रण आणि चित्रीकरणासाठी वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवाना लागतो. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने, तारखा आणि माणसांची संख्या लिहून अर्ज दिला तर निदान तो वाचला जातो. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. याचा अर्थ तो कुठेही उडवता येतो असा कुणी काढू नये.

वैनगंगेचा काठ सुंदर आहे. पावसाळ्यात मात्र वर गोसीखुर्दचे दरवाजे किती उघडले आहेत ते आधी पाहा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस त्या विसर्गाने आलेल्या पुरात ब्रह्मपुरी तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली होती. नदीच्या मधल्या वाळूवर ट्रायपॉड लावून बसणे ही त्या काळात करण्याची गोष्ट नव्हे.

आणि रेल्वे रूळ. गोंदिया-बल्लारशा मार्गाचे रूळ पाहिले की प्रत्येक दिग्दर्शकाला त्यावरून चालणारा नायक सुचतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रुळांवर विनापरवाना गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय हेडफोन लावलेल्याला गाडी ऐकू येत नाही. हा शॉट हजारदा होऊन गेला आहे, सोडून दिला तर व्हिडिओचे काही बिघडत नाही.

मग महिना कोणता?

विषयाप्रमाणे. रोवणी हवी तर जुलै-ऑगस्ट. फोनला पावसापासून जपायचे, चिखलात तीन जोड कपडे लागतील. पिवळे धान आणि कापणी हवी तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. मंडई, नाटक, रात्रीचे दिवे हवेत तर दिवाळीनंतरचे तीन-चार महिने. परीक्षा याच्या मध्ये कुठेतरी येणारच, म्हणून प्रकल्पाची तारीख नव्हे तर पिकाची तारीख धरून उलटे मोजा.

उन्हाळ्याची सुटी मोकळी असते, पण ब्रह्मपुरीचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि देशातील सर्वांत उष्ण गावांच्या यादीत आपले नाव झळकते. आयफोनसाठी ॲपलने सांगितलेली वापराची मर्यादा ० ते ३५ अंशांची आहे. त्यावर फोन तापतो, स्क्रीन मंदावते, रेकॉर्डिंग मध्येच थांबते. माणसाचे तर वेगळेच. मेमध्ये करायचेच असेल तर सकाळी नऊपर्यंत आवरा आणि बाकीचे घरात, खिडकीच्या उजेडात घ्या.

लोकांना आवडेल का, हे कसे विचारायचे?

गुगल फॉर्म पाठवून ‘तुम्हाला असा व्हिडिओ आवडेल का?’ विचारले तर वर्गातील सगळे ‘हो’ म्हणतात. ते संशोधन नव्हे, ती मैत्री. त्यापेक्षा दहा माणसे निवडा. दोन वर्गातले, दोन गावातले, एखादी मावशी, एखादे नाटकवाले काका. तुमच्या विषयाला जवळचा एखादा व्हिडिओ त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसून घड्याळ पाहा. कितव्या सेकंदाला नजर हलली, कुठे हसू आले, ते लिहा. स्वतःचा पहिला कच्चा कट झाल्यावर त्याच दहा जणांना दाखवा. माझ्या अंदाजाने पहिल्या पंधरा सेकंदांत ड्रोनने दाखवलेले गाव हे नजर हलण्याचे सर्वांत मोठे कारण निघेल. चेहरा आधी, गाव मागाहून.

मुलगी नाचते आहे आणि कॅमेरा तिच्या कमरेवर थांबतो, असा शॉट कच्च्या कटात असेल तर तो त्या मावशीसमोर लावून पाहावा. शूटिंगआधी त्या मुलीलाही तो कसा दिसणार हे सांगितलेले असावे. गाव लहान आहे, व्हिडिओ गॅलरीतून पुसता येतो, व्हॉट्सॲपवरून नाही. अठरा वर्षांखालील कुणी असेल तर पालकांची लेखी संमती घ्या.

शेवटची पाटी आणि खालचे शब्द

गावातील गाणे घेतले असेल तर संमती कॅमेऱ्यावरच घ्या, त्यांच्याच बोलीत : नाव, गाव, हे गाणे कोणाकडून शिकलात, आम्ही ते कुठे कुठे दाखवू. या दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगला पुढे व्हिडिओपेक्षा जास्त किंमत येऊ शकते, कारण अशा गाण्यांच्या पिढ्यांची नोंद सहसा कुठेच नसते. मूळ, न कापलेल्या फाइलची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात आणि एक गाणाऱ्यांच्या घरी द्या.

सबटायटल टाकताना प्रश्न येतो लिहायचे कसे? झाडीबोलीत ‘पाणी’ नाही, ‘पानी’ म्हणतात. खाली प्रमाण मराठीत ‘पाणी’ लिहिले तर कान एक ऐकतो आणि डोळा दुसरे वाचतो. गायले तसे लिहा, अवघड शब्दाचा अर्थ व्हिडिओखालच्या माहितीत द्या. त्याच माहितीत शब्द, चाल, आवाज, ठिकाण आणि महिना ही पाच नावे टाका. शब्द पारंपरिक असतील तर तसे लिहा, आणि ज्यांच्याकडून ऐकले त्यांचे नाव त्याच ओळीत, त्यांना विचारून.